मनाच्या वैद्याचे धर्मसंकट

आपल्या भाषेत गोष्ट 'षट्कर्णी होणे' असा एक मोठा मार्मिक शब्दप्रयोग आहे. सांगणाऱ्याचे दोन कान आणि ऐकणाऱ्याचे दोन, अशा चार कानांत जोवर गोष्ट असते तोवर ती गुपित. तिसरा माणूस आला, चाराचे सहा कान झाले, की ती गावभर झालीच म्हणून समजावे! म्हणूनच गोष्ट पोटात ठेवणाऱ्या माणसाला गावात मान असतो. वैद्य, सुईण, शाळामास्तर, निरक्षर घरात पत्रे वाचून दाखवणारा पोस्टमन, ह्यांना घरोघरच्या कितीतरी गोष्टी ठाऊक असत. त्या त्यांनी चावडीवर बोलून दाखवल्या असत्या, तर पुन्हा कुणी त्यांना दारात उभे केले नसते.

पण समजा, विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीत तिसऱ्याच कुणाचे मरण दडलेले असेल, तर? बोलावे तर विश्वासघात होतो, न बोलावे तर जीव जातो. अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावे? हा प्रश्न जुनाच आहे. पण विसाव्या शतकात तो एका नव्या व्यवसायापुढे असा काही उभा राहिला की, त्याचा निकाल करायला एका देशाच्या न्यायमूर्तींना दोनदा बसावे लागले. तो व्यवसाय म्हणजे मानसशास्त्रज्ञाचा. आजच्या भाषणात मी त्या खटल्याची हकीकत सांगणार आहे.

आधी हा व्यवसाय कोणता, ते थोडक्यात पाहू. मनाच्या दुखण्यावर दोन प्रकारचे लोक उपचार करतात. एक मनोविकारतज्ज्ञ. हा वैद्यकाची पदवी घेतलेला डॉक्टर असतो आणि तो औषधे देऊ शकतो. दुसरा मानसशास्त्रज्ञ. ह्याच्याजवळ गोळी नसते, सुई नसते. समोरच्याला बोलते करणे, ते नीट ऐकून घेणे आणि त्यातून त्याला वाट दाखवणे, हेच त्याचे साधन. शास्त्र म्हणून मानसशास्त्राचे वय तसे लहानच. जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट ह्यांनी १८७९ साली प्रयोगशाळा काढली, तेथून त्याची गणना करतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांची संघटना १८९२ साली स्थापन झाली.

वैद्याने रोग्याचे गुपित राखावे, ही शपथ ग्रीस देशातील हिपोक्रेटिसच्या नावाने दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे. मानसशास्त्रज्ञांना मात्र पुष्कळ दिवस अशी लिखित नियमावली नव्हती. ती त्यांनी कशी तयार केली, हे शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. १९४८ च्या सुमारास अमेरिकेतील संघटनेने आपल्या सुमारे साडेसात हजार सभासदांना पत्रे धाडली आणि विचारले की, काय करावे हे कळेना, असा प्रसंग तुमच्या कामात कधी आला? आला असल्यास लिहून कळवा. हजाराच्या वर प्रसंग लिहून आले. त्यांची छाननी करून, त्यांतून नियम काढून, १९५३ साली पहिली आचारसंहिता छापली गेली. म्हणजे हे नियम कुणी आरामखुर्चीत बसून रचलेले नव्हते. ज्यांना काम करताना ठेच लागली, त्यांच्या अनुभवांतून ते आले.

तरीसुद्धा एक गोष्ट कोणत्याही संहितेला साधत नाही. खरे आणि खोटे ह्यांतून निवड करायची असली, तर नियम पुरतो. पण दोन खऱ्या कर्तव्यांचीच जेव्हा टक्कर होते, तेव्हा नियमाचे पुस्तक उघडूनही हात थबकतो. त्यालाच आपण धर्मसंकट म्हणतो. आता ज्या घटनेबद्दल मी बोलणार आहे, ती असेच धर्मसंकट होती.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील बर्कली येथे मोठे विद्यापीठ आहे. १९६७ साली आपल्या बंगालमधून एक विद्यार्थी जहाजबांधणीच्या उच्च शिक्षणासाठी तेथे गेला. त्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. देशोदेशीचे विद्यार्थी जेथे राहतात अशा वसतिगृहात तो राहू लागला. १९६८ मध्ये तेथील लोकनृत्याच्या वर्गात त्याची तातियाना टॅरासॉफ नावाच्या मुलीशी ओळख झाली. दर आठवड्याला भेटी होत. वर्षाच्या शेवटच्या रात्री, नव्या वर्षाच्या स्वागताच्या वेळी, तिने त्याचे चुंबन घेतले. तिच्या लेखी तो सणाचा आनंद होता. ह्याने मात्र त्यावरून लग्नापर्यंतचे मनोरे रचले. तिने पुढे त्याला स्पष्ट सांगितले की, तुझ्याबद्दल माझ्या मनात तसे काही नाही. मुलीने आपले मन एवढे मोकळेपणाने सांगितल्यावर विषय तेथे संपायला हवा होता.

तो संपला नाही. मुलाचे अभ्यासावरून लक्ष उडाले, खाण्यापिण्याची शुद्ध राहिली नाही, तो एकटाच कुढत बसू लागला. १९६९ च्या उन्हाळ्यात तातियाना ब्राझील देशी गेली. त्या सुमारास एका मित्राच्या सांगण्यावरून हा विद्यापीठाच्या रुग्णालयात मानसशास्त्रज्ञाकडे जाऊ लागला. आपले मन बिघडले आहे हे ओळखून मदत मागायला जाणे, हे त्याने योग्यच केले. आणि २० ऑगस्ट १९६९ रोजी त्याने त्या मानसशास्त्रज्ञापाशी मन उघडे केले. ब्राझीलहून ती मुलगी परत आली की, मी तिला ठार मारणार आहे, असे तो म्हणाला. त्याने नाव घेतले नव्हते, पण ती कोण हे सहज कळण्यासारखे होते.

श्रोतेहो, त्या मानसशास्त्रज्ञाच्या जागी घटकाभर स्वतःला बसवून पाहा. रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते बोलतो. 'एकेकाचा जीव घेईन' हे शब्द आपल्याकडे बांधावरच्या भांडणात किती वेळा ऐकू येतात! त्यांतले शंभरातले नव्याण्णव हवेत विरून जातात. मग हे बोलणे त्या नव्याण्णवांतले की उरलेले एक? रोगी विश्वासाने आला आहे. त्याचे बोलणे बाहेर गेले तर तो पुन्हा यायचा नाही. आणि नाही सांगितले तर?

त्याने सहकाऱ्यांचा सल्ला घेतला आणि ठरवले की, ह्या मुलाला काही दिवस रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे. म्हणून त्याने विद्यापीठाच्या पोलिसांना आधी तोंडी कळवले, मग त्यांच्या प्रमुखाला पत्र लिहिले. पोलिसांनी मुलाला ताब्यात घेतले, त्याची विचारपूस केली. तो शुद्धीवर दिसला, नीट बोलला. तातियानापासून दूर राहीन, असे त्याने वचन दिले. पोलिसांनी त्याला सोडून दिले.

पुढे काय झाले ते पाहा. रुग्णालयातील मनोविकार विभागाच्या प्रमुखांना हा पत्रव्यवहार पसंत पडला नाही. त्यांनी पोलिसांकडून ते पत्र परत मागवले, त्याच्या नकला आणि उपचाराची टिपणे नष्ट करायला सांगितले, आणि मुलाला देखरेखीखाली ठेवण्याची कारवाई करू नये, असा हुकूम दिला. इकडे, आपण विश्वासाने सांगितलेले पोलिसांपर्यंत गेले, हे मुलाला कळून चुकले होतेच. तो उपचाराला यायचा बंद झाला.

मुलाने दरम्यान तातियानाच्या सख्ख्या भावाशी संधान बांधले आणि तिच्या घराजवळच त्याच्यासह बिऱ्हाड केले. ती ब्राझीलहून परत आली. तिला कुणी काही सांगितले नव्हते. तिच्या आईवडिलांनाही कुणी सावध केले नव्हते. २७ ऑक्टोबर १९६९ रोजी तो तिच्या घरी गेला आणि त्याने तिला ठार मारले. नंतर पोलिसांना त्यानेच बोलावले.

त्याच्यावर खटला होऊन शिक्षा झाली. पण ज्यूरीला दिलेल्या सूचनांत दोष राहिला, म्हणून वरच्या न्यायालयाने १९७४ साली ती रद्द केली, आणि फिरून खटला न चालवता त्याला भारतात परत जाऊ दिले. तातियानाच्या आईवडिलांनी मात्र विद्यापीठावर दिवाणी दावा लावला होता. त्यांचे म्हणणे साधे होते. आमच्या मुलीच्या जिवाला धोका आहे, हे इतक्या जणांना ठाऊक होते. मग ते आम्हांला का सांगितले नाही?

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७४ मध्ये निकाल दिला की, अशा वेळी उपचार करणाऱ्याने त्या व्यक्तीला सावध केले पाहिजे. निकालाने सगळ्या व्यवसायात खळबळ उडाली. मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आणि इतरांनी फेरविचाराची मागणी केली. न्यायालयाने ती मान्य केली, आणि १ जुलै १९७६ रोजी दुसरा निकाल आला. ह्या वेळी बहुमताचा निकाल न्यायमूर्ती मॅथ्यू टोब्रिनर ह्यांनी लिहिला, आणि न्यायमूर्ती विल्यम क्लार्क ह्यांनी विरोधी मत नोंदवले. दोन्ही बाजू ऐकण्यासारख्या आहेत, कारण दोन्हींत तथ्य आहे.

बहुमताचे म्हणणे असे. रोग्याचे गुपित राखणे हे मोठे मूल्य आहे, पण त्या मूल्याला एक सीमा आहे. दुसऱ्याच्या जिवावर बेतते तेथे ती सीमा संपते. सांसर्गिक रोगाचा रोगी घरात असेल, तर त्याच्या सहवासात येणाऱ्यांना डॉक्टरने सावध केलेच पाहिजे, असे न्यायालयांनी पूर्वीच ठरवले होते. मग मनाच्या रोग्यापासून कुणाला धोका असेल, तर तेथे वेगळा न्याय का? डॉक्टरांच्या संघटनेच्या १९५७ च्या नियमांतही, व्यक्तीच्या किंवा समाजाच्या रक्षणासाठी गरज पडल्यास गुपित सांगण्याची मोकळीक होतीच. कोण खून करील हे आम्हांला नक्की ओळखता येत नाही, असे तज्ज्ञांनी सांगितले होते. त्यावर न्यायालयाने म्हटले की, तुम्ही त्रिकालज्ञानी असावे अशी आमची अपेक्षा नाही. तुमच्या व्यवसायातील सामान्य जाणकाराला जे कळावे, तेवढे कळून घ्या, आणि मग वाजवी ते करा. 'वाजवी' म्हणजे प्रत्येक वेळी त्या व्यक्तीलाच सांगणे असे नव्हे. तिला सांगा, पोलिसांना कळवा, किंवा परिस्थिती पाहून आणखी काही करा. पण तिचे रक्षण व्हावे अशी तजवीज करा.

आता न्यायमूर्ती क्लार्क ह्यांची बाजू. ते म्हणाले की, गुपित राहील ही खात्री गेली, तर ज्यांना उपचारांची सर्वांत जास्त गरज आहे तेच लोक यायचे नाहीत. जे येतील ते मोकळेपणी बोलणार नाहीत. न बोलणाऱ्यावर उपचार कसा करणार? शिवाय दाव्याच्या भीतीने तज्ज्ञ मंडळी ऊठसूट लोकांना रुग्णालयात डांबू लागतील. म्हणजे एक जीव वाचवायला केलेला नियम शेवटी धोका वाढवून बसेल.

हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. आपल्या खेड्यांत मनाच्या दुखण्याला लोक आजही दडवून ठेवतात. 'वेडा' हा शिक्का बसेल, मुलीचे लग्न अडेल, म्हणून कितीतरी घरे डॉक्टरची पायरी चढत नाहीत. बोललेले फुटते, असे एकदा गावात झाले की ती पायरी आणखी उंच होते.

पुढे काळाने ह्या दोन्ही बाजूंमधून वाट काढली. टॅरासॉफ कुटुंबाचा दावा अखेर आपसांत मिटला. १९८५ साली कॅलिफोर्नियाने कायदा करून तज्ज्ञाच्या जबाबदारीची हद्द आखून दिली. रोग्याने गंभीर शारीरिक इजेची धमकी प्रत्यक्ष दिली असेल आणि ती कुणाला आहे हे ओळखता येत असेल, तरच ही जबाबदारी येते. आणि त्या व्यक्तीला व पोलिसांना कळवण्याचा वाजवी प्रयत्न केला की ती पार पडते. अमेरिकेतील इतर अनेक राज्यांनी कमीअधिक फरकाने हीच वाट धरली. पण सर्वांनी नव्हे. टेक्सास राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली असे कर्तव्य लादायला नकार दिला. म्हणजे एकाच देशात, एकाच प्रश्नावर, शहाण्या माणसांची आजही दोन मते आहेत.

आपल्या देशात काय स्थिती आहे? संसदेने २०१७ साली मानसिक आरोग्य सेवेचा नवा कायदा केला आणि १९८७ चा जुना कायदा मागे पडला. नवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. त्याच्या २३ व्या कलमाने मनाच्या रोग्याला गुप्ततेचा हक्क दिला आहे. उपचार करणाऱ्याने त्याची माहिती बाहेर सांगता कामा नये. मात्र काही अपवाद आहेत, आणि दुसऱ्या कुणाला इजा वा हिंसा होण्यापासून वाचवण्यासाठी गरज असेल तर माहिती देण्याची मुभा हा त्यांतला एक आहे. त्याला जोडूनच कायदा एक फार मोलाची गोष्ट सांगतो: तो धोका टाळण्यापुरती जेवढी माहिती लागेल, तेवढीच द्यावी. घराण्याचा इतिहास, जुन्या चुका, मनातल्या इतर व्यथा ह्यांचा त्याच्याशी संबंध नाही. दार किलकिले करायचे, सताड उघडायचे नाही.

आता मूळ घटनेकडे पुन्हा एकदा बारकाईने पाहू. बहुतेक लोक ह्या खटल्याचे सार असे सांगतात की, गुपित मोठे की जीव मोठा, तर जीव मोठा. ते खरेच आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, आणि माझ्या मते तीच खरी शिकवण आहे. बर्कलीमध्ये गुपित राखले गेले होते का? नाही. ते पोलिसांना कळले, वरिष्ठांना कळले, सहकाऱ्यांना कळले. षट्कर्णी तर ते केव्हाच झाले होते. कळले नाही ते फक्त जिच्या जिवावर बेतले होते तिला! विश्वास मोडल्याची सगळी किंमत मोजली गेली, कारण रोगी उपचार सोडून निघून गेला. आणि त्या किमतीच्या बदल्यात जे मिळायला हवे होते, त्या मुलीचे रक्षण, ते मिळालेच नाही. विश्वासही गेला आणि जीवही गेला.

हे कशाने झाले? तेथील माणसे दुष्ट होती म्हणून नव्हे. मानसशास्त्रज्ञाला वाटले, मी पोलिसांना कळवले. पोलिसांना वाटले, आम्ही विचारपूस केली. विभागप्रमुखांना वाटले, आपण रोग्याचे गुपित सांभाळले. प्रत्येकाने आपापल्या टेबलावरचा कागद पुढे सरकवला. तो कागद शेवटी कोठे पोहोचला, हे कुणी पाहिले नाही. आपल्याकडच्या कचेऱ्यांत ज्यांचे खेटे झाले असतील, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

शिक्षकांना मी मुद्दाम सांगतो की, हा प्रश्न दूर अमेरिकेतला नाही. शाळेतले एखादे मूल मधल्या सुट्टीत जवळ येते आणि म्हणते, 'गुरुजी, एक सांगू? पण कुणाला सांगणार नाही ना?' त्या क्षणी गुरुजी किंवा बाई त्या मुलासाठी मनाचे वैद्यच असतात. तेव्हा 'नाही सांगणार' असे घाईने वचन देऊन बसू नये. 'तुला किंवा दुसऱ्या कुणाला इजा होण्यासारखे काही असेल, तर मला मदत मागावी लागेल. पण तुला विचारल्यावाचून, तुला सांगितल्यावाचून मी काही करणार नाही,' असे म्हणावे. मूल आधी थबकेल, पण पुढे फसवले गेल्याचे दुःख त्याला होणार नाही.

एका बाबतीत तर कायद्याने निवड ठेवलेलीच नाही. बालकांवरील लैंगिक अत्याचारांसंबंधी २०१२ साली झालेल्या कायद्याप्रमाणे, असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळते, किंवा घडेल अशी ज्याला धास्ती वाटते, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणे हाच गुन्हा होतो. 'शाळेचे नाव खराब होईल' ही सबब तेथे चालत नाही. आणि हाच कायदा दुसरीकडे, त्या मुलाची ओळख वर्तमानपत्रांतून वा इतर माध्यमांतून उघड करायला मनाई करतो. बोलायचे कोठे आणि गप्प राहायचे कोठे, ह्या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात शेजारी शेजारी आहेत. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. आणि मनाच्या त्रासात कुणाशी बोलावे हे सुचत नसेल, तर सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. हे दोन्ही आकडे शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावेत.

शेवटी, ह्या लांबलेल्या कथेतून घरी न्यायच्या गोष्टी मोजक्याच आहेत. विश्वासाने सांगितलेली गोष्ट पोटात ठेवावी, हा नियम आहे आणि तो नियमच राहिला पाहिजे. कुणाच्या जिवाला धोका असेल तर तो मोडावा लागतो. मोडायचा तर एकट्याच्या डोक्याने न मोडता जाणत्याचा सल्ला घ्यावा, जमेल तर सांगणाऱ्याला आधी कल्पना द्यावी, आणि गरजेपुरतेच बोलावे. आणि एकदा बोललो म्हणजे सुटलो, असे समजू नये. ज्याच्यासाठी विश्वास मोडला, त्याच्यापर्यंत मदत पोहोचली की नाही, हे आपण स्वतः जाऊन पाहावे.

तातियाना टॅरासॉफचे नाव आज जगभरच्या मानसशास्त्राच्या वर्गांत घेतले जाते. ती नृत्याची आवड असलेली एक साधी विद्यार्थिनी होती. तिला वेळेवर एक निरोप मिळाला असता, तर कदाचित तिचे नाव आपल्यापैकी कुणाला कधी कळलेही नसते. आपल्या आसपास असा कुणाचा निरोप पोहोचायचा राहिला आहे का, एवढे आपण पाहिले तरी पुरे.